ऑर्किडचे विषाणू आणि त्यांच्यातली जनुकीय विविधता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल्कनीत चार डेंड्रोबियम टांगणारे, शेडनेटमध्ये फुलदांड्यांचं उत्पादन घेणारे आणि वनस्पतिरोगशास्त्र शिकणारे विद्यार्थी असे तिघेही आम्हाला या विषयावर लिहीत असतात. प्रश्न वेगवेगळे वाटले तरी फिरून त्याच जागी येतात. म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढे गुंतागुंत वाढत जाते. जिथे एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑर्किडला नेमके कोणते विषाणू लागतात?

नोंदी बऱ्याच आहेत, पण जगभरच्या संग्रहांत आणि पॉलिहाउसमध्ये सगळ्यात जास्त दोनच सापडतात. पहिला सिंबिडियम मोझॅक व्हायरस, दुसरा ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट व्हायरस. इथून पुढे त्यांना नुसतं 'मोझॅक' आणि 'रिंगस्पॉट' म्हटलं आहे. दोघांचंही वर्णन १९५० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या झाडांवरून झालं.

मोझॅक हा पोटेक्सव्हायरस गटातला. त्याचा कण लवचिक दोऱ्यासारखा, साधारण ४७५ नॅनोमीटर लांब. रिंगस्पॉट हा टोबॅमोव्हायरस गटातला, ताठ काडीसारखा, सुमारे ३०० नॅनोमीटरचा. दोघांचा वाहक कीटक माहीत नाही. ते पसरतात झाडाच्या रसातून, म्हणजे कात्री, ब्लेड, हात, जुन्या कुंड्या आणि एकमेकांवर घासणारी पानं यांतून.

त्यानंतर येतो ऑर्किड फ्लेक व्हायरस. त्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे (प्रश्न १३). याशिवाय माव्यातून येणारे पॉटिव्हायरस गटातले काही विषाणू, काकडीवरचा मोझॅक आणि फुलकिड्यांतून येणारे टॉस्पोव्हायरसही ऑर्किडवर सापडतात.

२. विषाणूची 'जनुकीय विविधता' म्हणजे काय? तो जिवंतसुद्धा नाही म्हणतात.

जिवंत म्हणा किंवा नका म्हणू, त्याच्यापाशी जनुकं आहेत आणि त्यांची नक्कल होते, एवढं इथे पुरेसं आहे. मोझॅकचा जीनोम म्हणजे सुमारे ६,२०० अक्षरांची आरएनएची एक साखळी. रिंगस्पॉटची साखळी सुमारे ६,६०० अक्षरांची. झाडाच्या पेशीत शिरल्यावर विषाणूचं स्वतःचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, या साखळीच्या प्रती काढतं. आपल्या पेशी डीएनएची प्रत काढताना चुका तपासून दुरुस्त करतात. या विकराकडे ती सोय नाही. आरएनए विषाणूंत साधारण दर दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे एक चूक होते असं मानलं जातं.

याचा अर्थ एका पानात एकसारख्या प्रती नसतातच. जवळजवळ सारख्या, पण इकडे एक अक्षर, तिकडे एक अक्षर बदललेल्या प्रतींचा घोळका असतो. दोन झाडांतल्या किंवा दोन देशांतल्या घोळक्यांच्या अक्षरांच्या सरासरी क्रमात जो फरक दिसतो, त्याला आपण विविधता म्हणतो.

३. विषाणू इतका झरझर बदलत असेल, तर सिंगापूर, हवाई आणि भारतातल्या मोझॅकचे क्रम एवढे सारखे कसे?

हा या विषयातला गाभ्याचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांबलं आहे.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये या दोन्ही विषाणूंच्या आवरण-प्रथिनाच्या (आरएनएभोवतीचं कवच बनवणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकांची वेगवेगळ्या देशांतल्या नमुन्यांशी तुलना केली. रिंगस्पॉटमध्ये साम्य ९५ टक्क्यांहून जास्त निघालं. मोझॅकमध्ये थोडं कमी, तरी ९० च्या आसपास आणि त्याच्या वरच. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वंशवृक्ष काढला तेव्हा देशाप्रमाणे फांद्या पडल्याच नाहीत. एका देशातला नमुना त्याच देशातल्या दुसऱ्या नमुन्यापेक्षा समुद्रापलीकडच्या नमुन्याला जास्त जवळचा असू शकतो.

याची कारणं तीन आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

चुका भरपूर होतात, पण टिकत नाहीत. आवरण-प्रथिनाला आरएनएभोवती नीट बसावं लागतं, शेजारच्या प्रथिनाला धरावं लागतं, पेशीतून पेशीत जाताना मदत करावी लागते. मोझॅकचं हे प्रथिन जेमतेम २२३ अमिनो आम्लांचं, रिंगस्पॉटचं तर १५८ चं. इतक्या आखूड प्रथिनावर इतकी कामं असताना बहुतेक बदल महागात पडतात आणि ती प्रत मागे पडते. मोझॅकमध्ये तर विषाणूला पेशीतून पेशीत नेणारी तीन जनुकं एकमेकांवर थोडी चढलेली आहेत. त्या सामाईक भागातलं एक अक्षर बदललं की दोन प्रथिनं बिघडू शकतात.

क्रम शेजारी शेजारी लावून पाहिले की हे डोळ्यांनी दिसतं. जीसीयू या तीन अक्षरांचा अर्थ अॅलनिन हे अमिनो आम्ल. शेवटचं अक्षर बदलून जीसीसी झालं तरी अर्थ अॅलनिनच. मोझॅकच्या नमुन्यांत सापडणारे बरेचसे फरक असे तिसऱ्या अक्षरावरचे, प्रथिनाला धक्का न लावणारे असतात. पहिल्या-दुसऱ्या अक्षरांवर बदल क्वचित दिसतात. नैसर्गिक निवड किती कडक आहे हे यावरून कळतं.

दुसरं कारण यजमानाचं, म्हणजे विषाणू ज्या झाडात राहतो त्याचं. व्यापारातली ऑर्किडं बहुतांशी एकाच रोपाच्या प्रती असतात. डेंड्रोबियम सोनिया या वाणाची लाखो रोपं जनुकीयदृष्ट्या सारखी. विषाणूला नवं घर मिळतं, पण ते जुन्यासारखंच असतं, त्यामुळे बदलण्याची गरज पडत नाही.

आणि तिसरं कारण आपण स्वतः. विभागलेला कंद, कात्रीने कापलेला फुलदांडा, विमानातून आलेली खोकी. हे विषाणू समुद्र ओलांडून आले ते माणसांच्या हातून, आणि तेही गेल्या शंभरेक वर्षांत. देशागणिक वेगळं व्हायला त्यांना वेळच मिळाला नाही. क्रमांतलं हे साम्य म्हणजे ऑर्किडच्या व्यापाराची नोंद आहे असं मला ठामपणे वाटतं. 'विषाणू फार चतुर आहे, सारखा रूप बदलतो' असं रोपवाटिकांत ऐकू येतं, तेव्हा म्हणूनच पटत नाही. या दोघांना रूप बदलावं लागलेलंच नाही.

४. मग मोझॅकमध्ये काहीच उपप्रकार नाहीत का?

आहेत. रियुनियन बेटावरच्या व्हॅनिलातले नमुने धरून २००७ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यात आवरण-प्रथिनाच्या आणि प्रती काढणाऱ्या विकराच्या जनुकांवरून मोझॅकचे दोन उपगट स्पष्ट दिसले. पण कोणता उपगट जास्त घातक हे यावरून ठरत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात उपगट लिहून आला म्हणून बागेत वेगळं काही करायचं नसतं.

५. अहवालात '९१ टक्के साम्य' आलं. म्हणजे मला नवा विषाणू सापडला का?

नाही. नवी जाती ठरवण्याच्या रेषा गटागणिक वेगळ्या आहेत आणि त्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समिती ठरवते. पोटेक्सव्हायरस गटात आवरण-प्रथिनाच्या किंवा विकराच्या जनुकात न्यूक्लिओटाइड पातळीवरचं साम्य ७२ टक्क्यांच्या खाली गेलं, तर जाती वेगळी धरतात. टोबॅमोव्हायरस गटात पूर्ण जीनोमचं साम्य ९० टक्क्यांच्या खाली जावं लागतं. तेव्हा मोझॅकसाठी ९१ म्हणजे घरातलाच माणूस. रिंगस्पॉटसाठी मात्र ९१ हा आकडा फार कमी आहे. असा अहवाल आला तर आधी सीक्वेन्सिंग (क्रमाचं वाचन) परत करून घ्या, कारण वाचनातल्या चुकांमुळेही आकडा खाली येतो.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. एका जनुकाच्या तीनशे-चारशे अक्षरांच्या तुकड्यावरून जातीचा निर्णय करू नका. निकष पूर्ण जनुकाचे किंवा पूर्ण जीनोमचे आहेत.

६. जुन्या पुस्तकात 'तंबाखू मोझॅकचा ऑर्किड स्ट्रेन' असं लिहिलंय. तो कोणता?

तो रिंगस्पॉटच. (स्ट्रेन म्हणजे एकाच विषाणूचा थोडा वेगळा प्रकार.) क्रम वाचायची सोय नव्हती तेव्हा कणाचा आकार आणि प्रतिपिंडांशी होणारी प्रतिक्रिया यांवरून ओळख पटवत. त्या कसोटीवर तो तंबाखू मोझॅकसारखा दिसला. आज क्रमावरून तो स्वतंत्र जाती आहे हे नक्की झालंय. दोन-पदी नावांच्या नव्या पद्धतीत त्याच्या जातीचं नाव टोबॅमोव्हायरस ओडोन्टोग्लोसाय असं झालंय. नाव नवं असलं तरी विषाणू तोच.

७. माझ्या कॅटलियावर फार वाईट डाग आलेत. हा तीव्र स्ट्रेन असणार ना?

डागांवरून स्ट्रेन ओळखता येत नाही. तोच विषाणू, तोच क्रम, पण झाड बदललं की चित्र बदलतं. कॅटलियाचं जुनं पान उलटं करून तिरप्या उजेडात धरलं, तर मोझॅकचे काळपट, किंचित खोलगट डाग आणि रेघा दिसतात. बोट फिरवलं तर खळगा जाणवतो. फॅलेनॉप्सिसवर त्याच विषाणूने नुसती फिकट छटा येते, तीसुद्धा नव्या पानावर आणि उजेडात धरली तरच. झाडाचं वय, तापमान, खत, उन्हाचा ताण या सगळ्यांचा हात असतो. बुरशीचे आणि उन्हाने भाजल्याचे डागही असेच फसवतात.

तीव्रता वाढायचं एक खरं कारण मात्र लक्षात ठेवा. मोझॅक आणि रिंगस्पॉट एकाच झाडात आले की लक्षणं बऱ्याचदा दोघांच्या बेरजेपेक्षा वाईट होतात. कॅटलियाचं फूल चांगलं उमलतं आणि काही दिवसांत पाकळ्यांवर तपकिरी रेघा चढतात, तेव्हा चाचणी दोन्हींची करा.

८. झाड ठणठणीत आहे, फुलतंय, तरी चाचणी पॉझिटिव्ह. चाचणी चुकली का?

बहुधा नाही. लक्षणांशिवाय विषाणू बाळगणारी ऑर्किडं खूप असतात, आणि सगळ्यात जास्त प्रसार त्यांच्यातूनच होतो. आजारी दिसणारं झाड आपण बाजूला ठेवतो. सुंदर दिसणारं झाड मात्र विभागतो, मैत्रिणींना देतो, प्रदर्शनात नेतो. विषाणूच्या दृष्टीने यजमान जगलेला आणि हिंडता राहिलेला बरा. तसं असलं तरी 'काळाबरोबर विषाणू सौम्य होतो' असा नियम करू नका. तुमच्या फॅलेनॉप्सिसमध्ये गप्प बसलेला मोझॅक शेजारच्या कॅटलियावर गप्प बसेल याची खात्री नाही (प्रश्न ७).

९. लक्षणं सगळी आहेत, पट्टी-चाचणी मात्र निगेटिव्ह. विषाणू बदलल्यामुळे असं होतं का?

होऊ शकतं, पण ते शेवटचं कारण धरा. आधी साधी कारणं तपासा.

पट्टी प्रत्येक विषाणूची वेगळी असते. मोझॅक-रिंगस्पॉटची पट्टी ऑर्किड फ्लेक किंवा पॉटिव्हायरस दाखवणार नाही. नियंत्रण-रेघ उमटली नसेल तर ती निगेटिव्ह नव्हे, वाया गेलेली चाचणी. विषाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, म्हणून एकाच पानाचा एकच तुकडा घेऊ नका, नवं-जुनं पान मिळून नमुना घ्या. लागण ताजी असेल तर विषाणूचं प्रमाण पट्टीला दिसण्याइतकं वाढायला काही आठवडे जावे लागतात.

पट्टी आणि एलायझा (प्रतिपिंडांवर चालणारी प्रयोगशाळेतली चाचणी) या दोन्ही चाचण्या आवरण-प्रथिन ओळखतात. प्रश्न ३ मध्ये म्हटलं तसं हे प्रथिन फारसं बदलत नाही, त्यामुळे या दोन विषाणूंसाठी त्या दगा देतात ते विविधतेमुळे क्वचितच. पॉटिव्हायरस गटात मात्र विविधता जास्त असते. तिथे एका जातीसाठीची प्रतिपिंडं दुसरीला चुकवू शकतात.

१०. आरटी-पीसीआरसाठी प्रायमर कुठे बसवावा?

हा विद्यार्थ्यांचा प्रश्न. आरटी-पीसीआर म्हणजे विषाणूच्या आरएनएच्या भरपूर प्रती काढून तो ओळखणारी चाचणी, आणि प्रायमर म्हणजे प्रत काढायला जिथून सुरुवात होते तो छोटा जुळणारा तुकडा. एकाच नमुन्याचा क्रम घेऊन प्रायमर आखू नका. डेटाबेसमधले शक्य तितके क्रम, मोझॅकचे दोन्ही उपगट धरून (प्रश्न ४), शेजारी लावा आणि सगळ्यांत न बदललेला पट्टा निवडा. प्रायमरच्या ३' टोकाची (जिथून नक्कल पुढे सरकते त्या टोकाची) शेवटची दोन-तीन अक्षरं जुळलीच पाहिजेत. तिथला एक बेमेळ मधल्या दोन-तीन बेमेळांपेक्षा जास्त नुकसान करतो. अमिनो आम्ल न बदलणारे फरक बहुधा तिसऱ्या अक्षरावर असतात, म्हणून ३' टोक तिसऱ्या अक्षरावर संपवू नका. आणि झाडाच्याच एखाद्या जनुकाची नियंत्रण-चाचणी (कंट्रोल) सोबत चालवा. ऑर्किडच्या रसात पीसीआर अडवणारी द्रव्यं भरपूर असतात, नियंत्रण नसेल तर निगेटिव्हला काही अर्थ राहत नाही.

११. टिश्यू कल्चरचं रोप विषाणूमुक्त असतंच ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महागात पडलेला आहे. मातृवृक्षात विषाणू असेल तर त्याच्या कोंबातून वाढवलेल्या हजारो रोपांत तो जाऊ शकतो. टिश्यू कल्चरमुळे बुरशी आणि जिवाणू गाळले जातात, विषाणू आपोआप गाळला जात नाही. कोंबाच्या टोकाचा मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांइतका सूक्ष्म भाग घेतला, जोडीला उष्णता-उपचार किंवा विषाणूरोधक औषध वापरलं, तर मुक्त रोपं मिळण्याची शक्यता वाढते. तरी प्रत्येक ओळीची चाचणी करावीच लागते. रोपं घेताना 'टिश्यू कल्चरची आहेत का' एवढंच विचारून थांबू नका. 'मातृवृक्षाची चाचणी झाली आहे का, कोणकोणत्या विषाणूंची' हे विचारा आणि लेखी मागा.

विविधतेशी याचा थेट संबंध आहे. एका मातृवृक्षातला एक घोळका हजारो रोपांत वाटला जातो आणि ती रोपं देशोदेशी जातात. पुढे त्या सगळ्यांतले क्रम सारखे निघाले तर नवल नाही.

१२. बियांतून विषाणू जातो का?

बीच्या आतल्या भ्रूणात हे दोन विषाणू सहसा पोचत नाहीत, म्हणून बियांपासून केलेली रोपं तुलनेने सुरक्षित. अडचण शेंग उघडताना येते. बाधित झाडाची हिरवी शेंग कापली की तिच्या भिंतीचा रस बियांना लागतो आणि तोच रस बाटलीत जातो. पिकून वाळलेल्या शेंगेतली बी पृष्ठभाग निर्जंतुक करून वापरणं त्यापेक्षा बरं. संकरासाठी झाड निवडतानाच चाचणी केली तर हा प्रश्नच उरत नाही.

१३. ऑर्किड फ्लेक व्हायरस वेगळा का मानायचा? आमच्याकडे संत्री-मोसंबीची बागही आहे.

विविधतेचा विचार केला तर मला हाच सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो.

त्याचा जीनोम एका साखळीत नाही, दोन तुकड्यांत आहे. प्रत्येक तुकडा साधारण सहा हजार अक्षरांचा. तो पसरतो ब्रेव्हिपाल्पस गटातल्या चपट्या कोळ्यांतून (माइट), जे इतके बारीक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. पानावर पिवळट-पांढरे ठिपके पडतात, काही झाडांवर ते पुढे काळे पडतात. एका झाडात याचे दोन स्ट्रेन एकत्र आले, तर एकाचा पहिला तुकडा आणि दुसऱ्याचा दुसरा तुकडा मिळून नवी जोडी तयार होऊ शकते. अशा जोड्या निसर्गात प्रत्यक्ष सापडल्या आहेत. एकेक अक्षर बदलत जाण्यापेक्षा ही उडी फार मोठी आहे.

आणि ऑर्किडपुरता तो राहिलेला नाही. मेक्सिको आणि कोलंबियात त्याचे काही स्ट्रेन लिंबूवर्गीय झाडांवर सापडले. तिथे ते लेप्रोसिस नावाच्या रोगाची लक्षणं देतात, म्हणजे पानांवर, फांद्यांवर आणि फळांच्या सालीवर खरबरीत डाग. या स्ट्रेनचे क्रम ऑर्किडवरच्या स्ट्रेनपासून वेगळे ओळखू येतात. पण पुढे हवाई आणि दक्षिण आफ्रिकेत लिंबूवर्गीय झाडांवर ऑर्किडकडचा स्ट्रेनही आढळला. म्हणून यजमानाची कुंपणं पक्की आहेत असं धरून चालू नका.

तुम्ही इतकंच करा. बाहेरून आणलेली ऑर्किडं संत्र्याच्या बागेत टांगू नका. नवी रोपं आधी वेगळी ठेवा, पानाच्या मागे दहापट भिंगाने कोळी पाहा, आणि कोळीनाशक लागलंच तर गट बदलत वापरा. इथे कात्री निर्जंतुक करून भागत नाही, कारण वाहक चालत येतो.

१४. दोन वेगळे विषाणू एका झाडात आले तर त्यांचं मिश्रण होऊन तिसरा तयार होतो का?

जवळचे असतील तर तुकड्यांची देवाणघेवाण होऊ शकते, त्याला पुनर्संयोग म्हणतात. प्रती काढणारं विकर एका साखळीवरून मध्येच दुसरीवर उडी मारतं आणि मिश्र साखळी तयार होते. मोझॅक आणि रिंगस्पॉट मात्र दूरच्या गटांतले आहेत. एका झाडात दोघे कायम भेटतात, लक्षणं वाढवतात (प्रश्न ७), पण त्यांचं मिश्रण होतं म्हणून घाबरायचं कारण नाही. मोझॅकचा आपल्याच गटातल्या इतर विषाणूंशी पूर्वी असा संबंध आल्याच्या खुणा कुठे दिसल्या, ते पुढच्या उत्तरात आहे.

१५. भारतातल्या नमुन्यांवर काम झालंय का?

झालंय, आणि चांगलं झालंय. सिक्कीम आणि आसपासचा डोंगरी भाग हे सिंबिडियम ऑर्किडांचं घर. आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्रही सिक्कीममध्ये पाक्योंगला आहे. तिथल्या झाडांवर दोन्ही विषाणूंच्या नोंदी आहेत. हिमाचलातल्या पालमपूरच्या हिमालयन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मोझॅकच्या भारतीय नमुन्याचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध केला. पोटेक्सव्हायरस गटातल्या विषाणूंमध्ये निसर्गात पुनर्संयोग होतो याचा आणखी पुरावा त्यात त्यांनी मांडला.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी इकडे वळावं असं मनापासून वाटतं. पॉलिहाउसमधल्या आयात रोपांतले आणि सह्याद्रीतल्या रानातले नमुने एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय प्रश्न १८ चं आपल्या भागापुरतं उत्तर मिळणार नाही.

१६. शेजारी मिरची आणि टोमॅटो आहेत. त्यांचा विषाणू ऑर्किडवर येतो का?

काही येतात. तैवानमध्ये फॅलेनॉप्सिसवर कॅप्सिकम क्लोरोसिस नावाचा टॉस्पोव्हायरस सापडला. हाच विषाणू भारतात टोमॅटो-मिरचीवर नोंदला गेला आहे. तो फुलकिड्यांतून जातो आणि त्याचा जीनोम तीन तुकड्यांत असतो, म्हणजे तुकडे अदलाबदल होण्याची शक्यता इथेही आहे (प्रश्न १३). शेडनेटची जाळी बारीक ठेवा, निळे चिकट सापळे लावा, मिरचीची काढलेली वाळकी झाडं ऑर्किडजवळ ढीग करून ठेवू नका.

१७. व्हॅनिलालाही हेच विषाणू लागतात का?

हो, व्हॅनिला ऑर्किडच आहे. नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून ती छाटकलमांनी लावतात, आणि कलमाबरोबर विषाणू नव्या बागेत जातो. मोझॅक व्हॅनिलावर येतोच. शिवाय भारतात व्हॅनिलावर काकडी मोझॅक आणि पानं वेडीवाकडी करणारा एक पॉटिव्हायरसही नोंदला गेला आहे. हे शेवटचे दोन माव्यातून पसरतात. कलमं चाचणी झालेल्या वेलींचीच घ्या.

१८. माझ्या बागेतला विषाणू रानातल्या सीतेच्या वेणीपर्यंत जाऊ शकतो का?

सीतेची वेणी हे आपल्या रानातलं ऑर्किडच. तिथवर विषाणू जाऊ शकतो, आणि हा धोका नुसता कागदावरचा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्डोक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथल्या रानातली आणि संग्रहातली जमिनीवरची ऑर्किडं तपासली. २०१३ च्या त्यांच्या निष्कर्षात दोन्ही प्रकार निघाले. काही विषाणू बाहेरून आलेले, शेती आणि बागांतून रानात शिरलेले. काही तिथलेच, आधी कुणाला माहीत नसलेले. त्यातला एक तर झाडावर काहीही लक्षण न दाखवणारा, आणि त्याची जनुकरचना इतकी वेगळी की त्याला स्वतंत्र गट द्यावा लागला. त्या गटाला प्लॅटिपस या विचित्र प्राण्यावरून प्लॅटिप्युव्हायरस हे नाव मिळालं.

यातून दोन वेगळी चित्रं समोर येतात. व्यापारातून पसरलेले विषाणू जगभर एकसारखे (प्रश्न ३), तर रानातले विषाणू त्यांच्या जागेचे, जुने आणि एकमेकांहून दूर. दुसऱ्या प्रकाराबद्दल माहिती फार थोडी गोळा झाली आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. घरात जगत नाही म्हणून झाड आंबोलीच्या किंवा महाबळेश्वरच्या झाडांवर नेऊन बांधू नका. भावना चांगली असते, पण त्या झाडाच्या रसातून काय जातंय हे कुणी तपासलेलं नसतं. रानातून झाड घरी आणणं तर त्याहून वाईट.

१९. विषाणूला दाद न देणारे वाण का निघत नाहीत?

प्रयत्न झालेत. तैवानमध्ये २००५ च्या सुमारास मोझॅकच्या आवरण-प्रथिनाचं जनुक फॅलेनॉप्सिसमध्ये घालून विषाणूला अडवून दाखवलं गेलं, जोडीला जिवाणूजन्य कुजीविरुद्धचं आणखी एक जनुकही होतं. अशा जनुकांमुळे झाड विषाणूच्या जुळणाऱ्या क्रमाचा आरएनए ओळखून कापतं, असं तंत्र वापरता येतं. ते किती टिकेल हे विषाणूच्या विविधतेवर ठरतं. क्रम फार वेगळा असेल तर झाड ओळखणार नाही. मोझॅक-रिंगस्पॉट फारसे बदललेले नाहीत ही गोष्ट इथे आपल्या बाजूची आहे. ऑर्किड फ्लेकबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही.

२०. ब्लेड स्पिरिटने पुसलं तर चालेल का?

नाही चालणार. रिंगस्पॉट अतिशय चिवट आहे. तो तंबाखू मोझॅकचा नातलग (प्रश्न ६), आणि या गटातले विषाणू अल्कोहोलला जुमानत नाहीत. मोझॅकचा रस ७० अंशांच्या आसपास दहा मिनिटांत निष्प्रभ होतो, रिंगस्पॉटला ९० अंशांच्या पुढे जावं लागतं. प्रत्येक झाडासाठी नवं दाढीचं ब्लेड हा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय. लोखंडी कात्री असेल तर गॅसच्या ज्योतीत पातं लाल होईपर्यंत तापवा. जुन्या कुंडीतला कोळसा, सोडणाचे तुकडे आणि विटांचे तुकडे दुसऱ्या झाडाला वापरू नका. हातमोजे घातले असतील तर दोन झाडांच्या मधे तेही बदला.

२१. पॉझिटिव्ह झाड टाकून द्यायलाच हवं का? आजीने लावलेलं आहे.

बाधित झाड औषध फवारून बरं होत नाही. विकायच्या किंवा वाढवायच्या झाडांत असेल तर काढून जाळा, त्यात कसर करू नका. आजीचं झाड ठेवायचं असेल तर ठेवा, मात्र अटी पाळून. ते वेगळ्या खिडकीत असू दे, त्याला शेवटी पाणी घाला, त्याचं भांडं आणि ब्लेड त्याचंच राहू दे. मावा, कोळी, फुलकिडे त्यावर दिसले की लगेच बंदोबस्त करा. त्याचा कंद किंवा कीकी (फुलदांड्यावर किंवा खोडावर फुटलेलं पिल्लू-रोप) कुणालाही देऊ नका, अगदी मागितला तरी. झाड फार मोलाचं असेल तर सूक्ष्म कोंबाचा मार्ग (प्रश्न ११) एखाद्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेशी बोलून पाहा, आणि तयार झालेली रोपं चाचणी होईपर्यंत जुन्या झाडाच्या जवळ आणू नका.